पोकलेनपुढचा माणूस

गंगारामने मोबाईल टेबलावर सरकवला आणि म्हणाला, "यातून तुझ्या बापसाला काढ."

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत अजिंक्यचं फ्लेक्स छापायचं युनिट आहे. पुढे काचेची केबिन, मागे धडधडणारं मशीन आणि केबिनमध्ये कॉम्प्युटरवर अक्षया. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती. उमेदवार, उमेदवाराचे भाचे, भाच्यांचे मित्र, सगळे तोंडं घेऊन येत होते आणि तोंडं लावून घेऊन जात होते. गंगाराम अक्षयाच्याच गावचा. पांढरा शर्ट, पांढरी गाडी आणि मागेपुढे दोघंचौघं, एवढ्यावर आपल्याकडे माणूस नेता होतो. तसा तो झाला होता आणि यावेळी त्याला तिकीटही मिळालं होतं.

फोटो जुना होता. कुणा वार्ताहराच्या कॅमेऱ्यात पडून राहिलेला, कुठेच न छापलेला. अक्षयाने तो पहिल्यांदाच पाहिला आणि तिचा हात माऊसवरच थांबला.

गावाच्या डोक्यावरचा कातळाचा सडा, उघडं पठार. मधोमध पिवळं पोकलेन, बकेट वर उचललेली. तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभा असलेला भिकाजी, अक्षयाचा बाप. एकटा. बाजूला निळ्या ताडपत्रीखाली चिरेखाणीचा मालक खुर्चीत बसलेला. त्याच्या खांद्यावर एक हात टाकून आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास उंच धरून दात काढणारा माणूस म्हणजे हा गंगाराम.

"तुझाच बापूस ना गो हा?" गंगाराम म्हणाला. "मग तुला सोपं जाईल. कडा ओळखीच्या."

त्याच्याबरोबरचे दोघे हसले. अजिंक्यही हसला, गिऱ्हाईक होतं म्हणून. गंगारामने मग काम समजावून सांगितलं. ताडपत्री घालवायची. मालक घालवायचा. भिकाजीला घालवायचं आणि त्या जागी गंगारामला उभं करायचं. पाठीमागे गाव दाखवायचं, चांगलं भरगच्च. सड्याचा तारणहार म्हणून त्याला मतं मागायची होती.

अक्षया म्हणाली, होईल. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी सड्यावर काय झालं ते आधी सांगायला हवं. तिथे चिरेखाण, जांभ्या दगडाची खाण, सुरू होणार होती. सडा फोडला की खालचा झरा जाणार आणि झरा गेला की गावच्या विहिरी जाणार, हे गावात सगळ्यांना कळत होतं. भिकाजी जाऊन पोकलेनपुढे उभा राहिला. ड्रायव्हरने घाबरवायला बकेट खाली आणली, ती त्याच्या पायावर बसली. पोलीस केस होऊ नये म्हणून मालकाने त्याला जीपमध्ये घातलं आणि परस्पर कोल्हापूरला नेलं. पण माणूस चिरडल्यावर ड्रायव्हर पळाला, मालकाचंही धाबं दणाणलं आणि खाण बारगळली ती बारगळलीच. भिकाजी पायात सळई घालून परतला, तोवर गावात गोष्ट शिजून तयार होती. गंगाराम पोकलेनपुढे उभा राहिला, आख्खं गाव त्याच्या पाठी उभं राहिलं. आणि भिकाजी? तो पोकलेन बघून पळत सुटला, गडग्यावरून, दगडी कुंपणावरून, उडी मारताना पडला आणि पाय मोडून बसला.

भिकाजीने सुरुवातीला खरं सांगून पाहिलं. लोक ऐकून घ्यायचे, त्याच्या लंगड्या पायाकडे बघायचे आणि ओठ दाबायचे. मोडलेला पाय हाच त्याच्या पळपुटेपणाचा पुरावा झाला. शाळेत अक्षयाला पोरं 'गडगा' म्हणून हाक मारायची. बापाने पुढे सांगणंच सोडलं. सभेला जाणं सोडलं, देवळात पुढे बसणं सोडलं. आणि खोटं कशाला बोला, कधीकधी अक्षयाच्याही मनात यायचं, खरंच पळाले असतील तर?

आता ते पोकलेनपुढे उभे दिसत होते आणि त्यांना तिथून काढायचं काम तिच्याकडे आलं होतं.

अजिंक्यने तिला कामावर घेतलं तेव्हा एकच नियम घालून दिला होता. या धंद्यात खोडरबर वापरायचा नाही. खोडलं की गेलं. फ्लेक्सवरची माणसं आज या गटात, उद्या त्या गटात. आज काढलेलं तोंड महिन्याभराने परत लावायला सांगतात. म्हणून प्रत्येक माणूस वेगळ्या लेयरवर, वेगळ्या थरावर आणि प्रत्येक लेयरला मास्क. मास्कवर काळा रंग फिरवला की खालचं झाकतं, पांढरा फिरवला की परत दिसतं, करडा फिरवला की अर्धवट, धुक्यातल्यासारखं. फोटोतला माणूस कुठेही जात नाही. तो तिथेच असतो, फक्त दिसत नाही.

अक्षयाने मोठा केला तो फोटो. काळा ब्रश घेतला आणि बापाच्या मास्कवर फिरवायला लागली. आधी पाय गेले. मग सदरा गेला. पसरलेले हात बोटांपासून आत आत गेले. डोकं तिने शेवटी ठेवलं होतं. तेही गेलं. मग गंगारामला कापून पोकलेनपुढे आणला. त्याच्या हातातला चहाचा ग्लास तेवढा काळ्याने झाकला, तर उंच उगारलेली मूठ उरली. चहा पिणाऱ्याचा क्रांतिकारक व्हायला एवढंसं काळं पुरतं. पाठीमागे गाव हवं होतं, तर तिने शिमग्याच्या पालखीचे फोटो काढले आणि पालखी नाचवणारी माणसं तिथे ओतली. वर केलेले हात, उघडी तोंडं, घामाघूम अंग. पालखी झाकली की तेच लोक घोषणा देताना दिसायला लागले.

गंगारामला काम फार आवडलं. केस जरा काळे कर, एवढंच म्हणाला.

फ्लेक्स गावोगाव लागले. अक्षया स्कूटीवरून घरी जाताना प्रत्येक वळणावर तिला ती मूठ दिसायची. आतल्या आत ती जळत होती आणि जळता जळता तिच्या एक गोष्ट लक्षात आली.

फ्लेक्सचं प्रूफ आधी व्हॉट्सॲपवर जातं, गटाच्या ग्रुपवर. तिथे सगळे बघतात आणि ओके देतात. बघतात म्हणजे काय बघतात? स्वतःचं तोंड. एक जण म्हणतो माझं तोंड त्याच्यापेक्षा बारीक आलंय. दुसरा म्हणतो मला वरच्या ओळीत घ्या. तिसरा गॉगलवाला फोटो पाठवतो आणि तो लावा म्हणतो. आपलं तोंड सापडलं, नीट आहे असं वाटलं, की अंगठा टाकून मोकळे. मधल्या चित्रात काय आहे ते आजवर एकानेही बघितलेलं नव्हतं. अगदी गंगारामनेही नाही. तो आपल्या मुठीपुढे जातच नव्हता.

पुढचा फ्लेक्स आला तेव्हा तिने बापाच्या मास्कवर अगदी गडद करडा फिरवला. शिमग्याच्या गर्दीत एक सावली उमटली, हात पसरलेली. प्रूफ पाठवलं. ओके आलं. त्याच्या पुढच्याला करडा जरा उजळ केला. ओके. त्याच्या पुढच्याला भिकाजीच्या सदऱ्याच्या चुण्या दिसायला लागल्या. ग्रुपवर दोन पुढाऱ्यांची वरच्या ओळीवरून जुंपली होती, तिकडेच सगळे. ओके, ओके, ओके. गंगाराम दुकानात येऊन तिच्यासमोर तो फ्लेक्स बघून गेला आणि म्हणाला, "बघ, आता कसं झकास येतंय. आणि बापूस कसा हाय तुझा? चालतो ना?"

"चालतात," अक्षया म्हणाली. "हळूहळू येतील."

शेवटची सभा गावातच होती, शाळेच्या पटांगणात. मुंबईहून पक्षाचे साहेब येणार होते. स्टेजच्या मागे आडवाच्या आडवा मोठा फ्लेक्स हवा होता. त्यात एका टोकाला साहेब हात जोडून, दुसऱ्या टोकाला गंगाराम हात जोडून, वर सगळ्यांच्या तोंडांची ओळ आणि मधल्या मोकळ्या जागेत सड्याचा तो फोटो.

अक्षयाने ठरवलं होतं, या वेळी काही झाकायचं नाही. शिमग्याची गर्दी तिने पूर्ण काळी केली, मुठीचा गंगाराम काळा केला, ग्लास उघडला, बाप उघडला. ताडपत्रीचा भाग उघडला तेव्हा मालकाच्या मागे नुसता अंधार दिसला. एवढ्या मोठ्या छपाईत अंधार वाईट दिसेल म्हणून तिने तो उजळत नेला.

अंधारात माणसं बसलेली होती. ओळीने, उकिडवी, हातात चहाचे ग्लास. गावातली माणसं. पुढे खाणीवर कामाला लावणार म्हणून मालकाने बोलावलेली. देवळाचा मानकरी होता, सोसायटीचा चेअरमन होता, तिला 'गडगा' म्हणणाऱ्या पोरांचे बाप होते. सगळे भिकाजीकडे बघत होते आणि चहा पीत होते. त्यांत खांबाला टेकून बसलेला एक जण होता बाबूकाका. तिच्या बापाचा सख्खा भाऊ.

बाप अंथरुणाला खिळला तेव्हा बाबूकाकाने घर चालवलं होतं. आई गेल्यावर काकूच्या हातचं खाऊन अक्षया मोठी झाली होती. आजही दोन्ही घरांची चूल एकच.

ती काळा ब्रश घेऊन बसली. एवढ्या एका माणसावर फिरवला असता तर काम भागलं असतं. गंगाराम उघडा पडला असता, बापाचं नाव धुऊन निघालं असतं आणि घरात कुणाला काही कळलं नसतं. तिने फाईल तशीच ठेवली आणि घरी गेली.

जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी सड्यावर काका नेमके कुठे होते म्हणून.

बाबूकाकाने घास थांबवला नाही. "कुठे म्हणजे? गंगारामच्या पाठी. सगळं गाव होतं." मग मोठ्या भावाकडे बघून त्याने बांगड्याचा तुकडा मोडला. "दादा असता तर तोही उभा राहिला असता. पण काय करणार बाय, काळीज सगळ्यांचं सारखं नसतं. आम्ही कधी दादाला त्यावरून बोललो का?"

भिकाजी काटे काढत राहिला.

अक्षया दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि बाबूकाकाच्या तोंडावर अजून थोडा उजेड टाकला. डोळे ओळखू येतील इतका.

प्रूफ जसं होतं तसंच तिने ग्रुपवर पाठवलं. मुद्दाम काही लपवलं असं कुणाला म्हणता येऊ नये. हातात मावणाऱ्या मोबाईलवर सगळ्यांनी आपापली तोंडं शोधली. गंगारामने एकच दुरुस्ती सांगितली, साहेबांचं तोंड माझ्यापेक्षा दोन बोटं मोठं कर, नाहीतर रागावतील. तिने केलं. गंगारामने लिहिलं, ओके, छापा.

सभेच्या दिवशी पटांगण भरलं होतं. पोरांनी फ्लेक्स बांबूंना ताणून बांधला, तेव्हा ऊन समोरून येत होतं आणि चित्र लखलखत होतं. गंगाराम साहेबांना घेऊन आला, वाजतगाजत, लोकांना हात करत स्टेजवर चढला. स्टेजवरच्या माणसाची पाठ फ्लेक्सकडे असते. बोलणारा लोकांकडे बघतो आणि लोक त्याच्या मागे बघतात.

त्याने सुरुवात केली. सडा वाचवला कुणी? पोकलेन येत होतं, भलेभले पळत होते, गडग्यावरून उड्या मारत होते. इथे तो नेहमीसारखा थांबला, लोकांनी हसावं म्हणून. कुणी हसलं नाही. त्याला वाटलं, लोक भारावलेत. तो आणखी चढला. मी एकटा त्या मशीनपुढे छाती काढून उभा राहिलो, म्हणाला आणि त्याने मूठ उगारली. त्याच्या बरोबर मागे, त्याच्या दसपट मोठा गंगाराम मालकाच्या गळ्यात हात टाकून चहाचा ग्लास उगारत होता.

सोनूबाई म्हातारी पुढेच बसली होती. तिला कमी दिसायचं म्हणून तिला सगळीकडे पुढेच बसवत. ती डोळे बारीक करून फ्लेक्सकडे बघत होती. गंगाराम श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात ती मोठ्याने म्हणाली, "गंगाराम, तू पोकलेनपुढं व्हतास, तर तो चाय पिताय कोन?"

मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू पटांगणभर फुटलं. गंगाराम वळला. अक्षया शाळेच्या कट्ट्याला टेकून उभी होती. तिला त्याचं तोंड बघायचं होतं आणि तिने ते मन भरेस्तोवर बघितलं. आधी काही कळलं नाही असं तोंड, मग कळलं असं तोंड, मग साहेबांकडे बघणारं केविलवाणं तोंड. साहेब उठले आणि मोबाईल कानाला लावून गाडीकडे चालू लागले. मोबाईल वाजलेला नव्हता.

एवढ्यावर थांबलं असतं तर अक्षया खुशीत घरी गेली असती. पण हसणारे लोक हसता हसता पुन्हा फ्लेक्सकडे बघायला लागले आणि सवयीने आपापलं तोंड शोधायला लागले. आणि ते सापडलं. हसू जागच्या जागी मेलं. मानकऱ्याने चेअरमनकडे बघितलं. बायकांनी नवऱ्यांकडे बघितलं. बाबूकाका उठला, खाली बसला, परत उठला. एक तरणी पोर बापाला विचारत होती, तुम्ही तर म्हणायचात आम्ही पोकलेनपुढे झोपलो होतो. बाप तिला गप बस म्हणत होता.

फ्लेक्सच्या दोऱ्या गंगारामच्या माणसांनी कापल्या नाहीत. त्या गावाने कापल्या. मानकऱ्याने स्वतः कोयती मारली.

तिसऱ्या प्रहराला सुरू झालेली सभा ऊन उतरायच्या आत संपली. संध्याकाळपर्यंत गंगारामने ग्रुपवर टाकलं की फोटो खोटा आहे, कॉम्प्युटरवर बनवलेला आहे, विरोधकांचं कारस्थान आहे. आणि गावाने ते लगेच उचलून धरलं. हो, खोटाच. आम्ही कुठे तिथे होतो? आजकाल काय वाटेल ते बनवता येतं. अजिंक्यचा फोन आला. गिऱ्हाईकाने ओके लिहून दिलेलं, त्यामुळे त्याच्यावर काही येत नव्हतं, पण उद्यापासून येऊ नकोस म्हणाला.

बाबूकाका पडवीत येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"अक्षया बाय, एवढंच सांग की तू बनवलास," तो म्हणाला. "गाव सांभाळून घेईल. मी बोललोय सगळ्यांशी. कोण काही करणार नाही तुला."

"आणि बाबांचं काय?"

"दादाचं आता काय व्हायचं राहिलंय?"

अक्षया आत वळली. तिने लॅपटॉप उघडला. फाईल तिच्याकडे होती, सगळ्या लेयरसकट. तिने स्क्रीनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि बोलायला लागली, रेशनच्या रांगेत बोलावं तशी, साध्या आवाजात. हा मुठीचा गंगाराम. हा मी इथे आणून चिकटवला, त्याच्या सांगण्यावरून. हा मास्क बंद केला की बघा, मुठीत ग्लास. मास्क बंद झाल्याची लाल फुली पडली. ही पाठीमागची माणसं, ही शिमग्यातली, ही बघा मध्ये पालखी. लाल फुली. हे सगळं मी बनवलेलं. आता हे सगळं काढते. खाली उरला तो मूळ फोटो. हा मी बनवलेला नाही, वार्ताहराच्या कॅमेऱ्यातला जसाच्या तसा आहे, फक्त अंधार उजळलाय आणि यातलं एकही तोंड मी लावलेलं नाही. मग तिने ताडपत्रीखालच्या एकेकावर बाण नेऊन नाव घेतलं. मानकरी. चेअरमन. बाबूकाकाचं नाव घेताना तिचा आवाज हलला नाही. पडवीतून चपलांचा आवाज लांब गेला.

रेकॉर्डिंग संपलं. पाठवायला फक्त बोट टेकवायचं होतं. भिकाजी केव्हा तिच्या मागे येऊन बसला होता कोण जाणे. तो स्क्रीनवरच्या आपल्या तरण्याबांड अंगाकडे बघत नव्हता. तो खांबाला टेकलेल्या माणसाकडे बघत होता.

"बाबूला तेवढं झाक," तो म्हणाला.

अक्षया वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"समोरच तर बसलेला. मला दिसत नव्हता काय?" भिकाजी पायावरून हात फिरवत म्हणाला. "बकेट खाली येताना तो उठला होता. मला वाटलं, येतोय. मग परत बसला."

"आणि तुम्ही इतकी वर्षं त्याच्याबरोबर जेवलात."

"भाऊ आहे. झाक त्याला. तुला येतं ना ते?"

येत होतं. ब्रश तिथेच होता, काळा रंग वरच होता. एका माणसाएवढं काळं लागलं असतं आणि कुणाला शंकाही आली नसती. अक्षयाने बापाच्या तोंडाकडे नीट बघितलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बापाला गावाने झाकलं. त्याने स्वतःच स्वतःवर काळं ओढून घेतलं होतं, त्या खांबाला टेकलेल्या माणसासाठी. आणि त्याच्याबरोबर तीही झाकली गेली होती, शाळेत, रस्त्यावर, प्रत्येक वळणावर. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला त्याला माफ करायचं असेल तर करा," ती म्हणाली. "मी केलेलं नाही."

तिने बोट टेकवलं. गावाच्या ग्रुपवर गेलं, गंगारामच्या ग्रुपवर गेलं, मुंबईला असणाऱ्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर गेलं. कुणी कुणी बघितलं त्या यादीत नावं पटापट चढायला लागली. बघणारे बघत होते, लिहीत कुणीच नव्हतं. नाव घेतलेल्यांपैकी एकेक जण ग्रुपमधून बाहेर पडत होता आणि प्रत्येक वेळी मोबाईल सांगत होता, अमुक गेला, तमुक गेला. ती मोबाईल चुलीशी घेऊन बसली आणि प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचत राहिली.

चूल आजपासून वेगळी झाली हे न बोलता ठरलं होतं. तिने पहिल्यांदाच एकटीने स्वयंपाक केला. भात जरा चिकट झाला आणि सारात मीठ जास्त पडलं. भिकाजीने ताट पुढे घेतलं, एक घास घेतला आणि ताट बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. ती त्याला जेवा म्हणाली नाही.

बाहेर बाबूकाकाच्या खळ्यात, शेजारच्या अंगणात, कुणीतरी काकूला जोरजोरात विचारत होतं, तुझा नवरा तिथे होता का, खरं काय ते सांग. अक्षयाने पातेलं पुढे ओढलं आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.